पाणी एकच, ग्रुप पाच (कोपरखैरण्यातला अनुभव, आणि मदत हवी आहे)

माथाड्याची_लेक | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. पावसाळा तोंडावर आलाय, आता नाही लिहिलं तर गेल्या वर्षीचंच पुन्हा होईल, म्हणून आज बसलेच.

माझे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले. आई-वडील अजून कोपरखैरण्याच्या बैठ्या चाळीत राहतात, मी लग्नानंतर तिथून दहा मिनिटांवर सेक्टरमधल्या इमारतीत. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक धारण तलाव आहे, सगळे त्याला होल्डिंग पॉन्डच म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवी मुंबईचे बरेच सेक्टर खाडीत भराव टाकून केलेले, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. म्हणून सिडकोने हे तलाव बांधले. भरती चढली की खाडीच्या तोंडाच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. आता तलाव गाळाने भरलेत, आत तिवरं वाढलीत. तिवरांना कोर्टाचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीशिवाय गाळ काढता येत नाही. तो विषय मोठा आहे, आज नको.

गेल्या पावसाळ्यातली अमावास्या. दुपारी साडेबाराच्या सुमाराला भरती, सकाळपासून धो धो पाऊस. दीड वाजता आईचा फोन आला, घरात गुडघाभर पाणी. धान्य गेलं, फ्रिज गेला, भाचीची वह्या-पुस्तकं गेली. शेजारच्या आजींना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं.

पुढचे आठ दिवस मी वेगवेगळ्या लोकांचे फोन घेऊन त्या दिवशीचे व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज बघितले. जे दिसलं त्याने फार त्रास झाला. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी इथल्याच बोनकोडे गावातल्या एका मुलाने झडपेत ओंडका अडकल्याचा फोटो काढला होता. झडप मिटणार नाही, खाडीचं पाणी उलटं आत येणार, हे त्याला बघताक्षणी कळलं. फोटो गेला गावच्या ग्रुपवर. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महापालिकेतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आहेत, त्यांच्या एका फोनवर माणसं आली असती. त्यांना कळलंच नाही. दुकानदारांच्या ग्रुपवर दोघांकडे डिझेल पंप होते. ते पंप दुपारी तीनला बाहेर निघाले, तेही स्वतःच्या गाळ्यांसाठी. चाळीच्या ग्रुपवर बायका एकमेकींना "तुमच्याकडे आलं का पाणी" विचारत होत्या. मंदिराच्या मंडळाचा पाचवा ग्रुप, तिथे मल्याळी आणि तमिळ कुटुंबं आहेत. त्यांनी हॉल उघडून ठेवला होता, चहा केला होता, आणि कुणीच आलं नाही म्हणून चार वाजता बंद केला.

म्हणजे खबर होती, फोन करणारा माणूस होता, पंप होता, निवारा होता. सगळं अर्ध्या किलोमीटरच्या आत आणि सगळ्यांच्या हातात फोन. तरी पाणी घरात आलं.

आपल्याकडे सोशल मीडिया येतो म्हणजे रील करता येतं, फॉलोअर आहेत, असं समजतात. मला त्या दिवसापासून वाटतं की खरं कसब वेगळं आहे. माझी भाषा न बोलणाऱ्या, माझ्या इमारतीत न राहणाऱ्या शेजाऱ्याला माझा निरोप वाचून नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे. आणि त्याचं उत्तर माझ्या लोकांपर्यंत परत आलं पाहिजे. हे शिकावं लागतं. आम्ही शिकतोय. तुमच्याकडे कसं करता ते लिहा.

---

नौपाडा_जुना | शुक्रवार, रात्री १०:३५

ताई, वाचून वाईट वाटलं. पण मनापासून सांगतो, हे ग्रुपच माणसं तोडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप? ठाण्यात आम्ही तोंडी निरोपावर माणसं घरी आणली. कोपऱ्यावर फळा होता, त्यावर खडूने लिहायचं. येणारा-जाणारा वाचायचा. आता शेजारचा कोण ते माहीत नसतं आणि ग्रुपवर मात्र शंभर जण. आधी माणसं ओळखा, मग फोन.

माथाड्याची_लेक | शुक्रवार, रात्री १०:५२

काका, फळ्याचं एकदम पटलं. आम्ही तो पुन्हा लावलाय, चाळीच्या तोंडाशी आणि मच्छी मार्केटजवळ. ग्रुपवर येणारा महत्त्वाचा निरोप तिथे लिहायची जबाबदारी दोन मुलींनी घेतली आहे.

पण तोंडी निरोप ओळखीच्या वाटेनेच जातो ना? आमच्या चाळीतल्या बाईची आणि मंदिराच्या मंडळातल्या बाईची ओळख व्हायला कारणच नव्हतं. वीस वर्षं एकाच भाजीवाल्याकडे उभ्या राहिल्या असतील, पण बोलल्या नाहीत.

---

बोनकोड्याचा | शनिवार, सकाळी ७:१०

तो फोटो काढणारा मी. ताईंनी फोन केला होता म्हणून हा धागा वाचला.

मी सोसायटीवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये होतो आधी. एकदा आमच्या बोलीत काहीतरी लिहिलं तर कोणीतरी हसण्याचे इमोजी टाकले. त्यानंतर मी तिथे लिहिलं नाही, नुसतं वाचायचो, मग निघालो. गावातल्या पुष्कळ पोरांचं असंच आहे. आम्ही इथले मूळचे, आमच्या जमिनीवर सेक्टर उभे राहिले, आणि आमच्याच बोलण्याला हसतात म्हटल्यावर फोटो तिकडे टाकावासा वाटला नाही. हे चुकलं माझं. आजींना खांद्यावर काढलं ते ऐकून झोप नाही लागली त्या दिवशी.

दुसरं. माझी आई मच्छी विकते. तिला वाचता येत नाही, पण भरती तिला तोंडपाठ. तिथीला पाऊण नी गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. खाडीत आत यायला थोडा उशीर लागतो तोपण ती धरते. ही माहिती मेसेजमध्ये कशी येणार? ती टाइप करणार नाही. पण बोलेल.

माथाड्याची_लेक | शनिवार, सकाळी ७:४०

दादा, तुझं एकट्याचं कसलं चुकलं. त्या ग्रुपवर हसणाऱ्याला कुणी थांबवलं नाही, त्यात मीही आले. तेव्हा मी त्या ग्रुपमध्ये होते आणि गप्प बसले होते.

आईंचा आवाज हवाच आहे. व्हॉइस नोट तिच्याच बोलीत, अर्ध्या मिनिटाची, आणि खाली एका ओळीत वेळ लिहायची, म्हणजे आवाज ऐकता येत नाही त्यालाही कळेल. गावातल्या बायका दुसऱ्या कुणाचं ऐकतील न ऐकतील, तिचं ऐकतील.

---

घोडबंदर_रोडवरून | शनिवार, सकाळी ११:२०

मी कासारवडवलीच्या एका मोठ्या संकुलात तीन वर्षं ॲडमिन आहे. अनुभवाचे दोन शब्द.

पाच ग्रुप एकत्र करून एक मोठा ग्रुप करू नका. आम्ही तेच केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्यूट करून बसले. ग्रुपमध्ये आता १,०२४ जण मावतात, पण मावतात म्हणून भरायचे नसतात. प्रत्येकाला आपल्या भाषेत, आपल्या लोकांत मोकळं बोलायला जागा लागते. ती राहू द्या. व्हॉट्सॲपवर २०२२ च्या अखेरीस कम्युनिटीची सोय आली. त्यात वेगवेगळे ग्रुप एका छत्राखाली येतात आणि वर एक सूचनांचा कप्पा असतो, तिथे फक्त ॲडमिन लिहितात. सूचना सगळ्यांना, गप्पा आपापल्या घरात. मात्र त्या कप्प्यात दिवसाला दोनच्या वर मेसेज गेले की लोक तोही म्यूट करतात.

आणि प्रत्येक ग्रुपातला एक माणूस बाकीच्यांशी बोलणारा असावा. आमच्याकडे हे काम ज्या बाई करतात त्या कुठल्याच कमिटीत नाहीत. शिवणकाम करतात, म्हणून सगळ्या इमारतींत त्यांचं जाणं-येणं. असा माणूस शोधा, पद असलेला शोधू नका.

नौपाडा_जुना | शनिवार, सकाळी ११:४५

ॲडमिनला पोलीस पकडतात असं ऐकतो. त्यामुळे शहाणी माणसं ॲडमिन व्हायला तयार होत नाहीत.

घोडबंदर_रोडवरून | शनिवार, दुपारी १२:०५

काका, ही भीती मलाही होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर नुसता ॲडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, दोघांचा तसा समान हेतू होता हे दाखवावं लागतं. तरी वाईट मजकूर दिसला तर काढायचा. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी पुसता येतो.

---

सेक्टरचा_दुकानदार | शनिवार, दुपारी ३:३०

मी मूळ जौनपूरचा, इथे बावीस वर्षं. मराठी इथेच शिकलो, चूक झाली तर समजून घ्या. पंप असलेल्या दोघांतला एक मी.

त्या दिवशी पंप आधी का नाही काढले ते सांगतो. साडेअकराला आमच्या ग्रुपवर मेसेज आला, "मोरबे धरण का पानी छोड़ा जा रहा है, सब ऊपर चले जाओ". आम्ही शटर बंद करून माळ्यावर माल चढवत बसलो. चाळीतसुद्धा हा मेसेज गेला, काही बायका पोरांना घेऊन तलावाच्याच दिशेने पळाल्या, कारण तिकडची इमारत उंच.

नंतर मी शोध घेतला की हे आलं कुठून. आलं आमच्याच घरातून. सकाळी पाण्याच्या लाइनचं काम होतं. एका सोसायटीच्या ग्रुपवर मराठीत आलं, "काम झाले की पाणी सोडणार". म्हणजे नळाला. माझ्या धाकट्या भावाने वाचलं. बाहेर पाऊस, मनात भीती, आणि आमच्याकडे गावी पाणी सोडणं म्हणजे धरणाचं. त्याने हिंदीत लिहून टाकलं, पुढे कुणीतरी मोरबेचं नाव जोडलं. एक तासात पाचही ग्रुपवर. ओंडक्याचा खरा फोटो एका ग्रुपच्या बाहेर गेला नाही आणि हे पाचही ग्रुपवर.

भाऊ वाईट नाही. त्याला लोकांना वाचवायचं होतं. मी सगळ्यांची माफी मागतो.

माथाड्याची_लेक | शनिवार, दुपारी ४:१५

भाऊ, हे तुम्ही इथे स्वतःहून लिहिलंत याचं मोल मला फार आहे. आम्ही वर्षभर "कुणी ही अफवा पसरवली" म्हणून एकमेकांकडे संशयाने बघत होतो. चाळीतल्यांना गाववाल्यांवर, गाववाल्यांना बाहेरून आलेल्यांवर. आणि निघालं काय, तर अर्धं वाक्य.

मोरबेचं पाणी आपल्याकडे पाइपातून येतं. धरण खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे, त्याचे दरवाजे उघडले तरी आपल्या तलावात पाणी चढणार नाही. हे त्या दिवशी एकानेही लिहिलं नाही, कारण विचारायचं कुणाला तेच ठरलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक निरोपात कर्ता, जागा आणि वेळ लिहिते. "आज सायंकाळी ७ वाजता सेक्टरमधल्या नळांना पाणी येईल." एवढं लिहिलं की मशीनने भाषांतर केलं तरी फारसं बिघडत नाही. "पाणी सोडणार", "लाइट घेतली आहे", "रस्ता धरला आहे" असली आपली घरगुती वाक्यं दुसऱ्या भाषेत गेली की भलतीच होतात.

नेरूळची_अम्मा | शनिवार, सायंकाळी ६:००

Translate करणाऱ्या माणसांपैकी मी एक, माहेर पालक्काडचं. माझा अनुभव असा की आधी मशीनकडून करून घ्यावं आणि मग ज्याची ती मातृभाषा आहे त्याला एकदा दाखवावं. दोन मिनिटं लागतात. आमच्या मंदिराच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायकांना मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही, म्हणून मीसुद्धा आवाजात सांगते. आणि हॉल उघडला आहे हे आम्ही फक्त मल्याळम ग्रुपवर लिहिलं होतं. आम्हाला वाटलं, सगळ्यांना दिसतोच आहे उघडा.

---

ऐरोली_टॉकबॅक | शनिवार, रात्री ८:२०

मी दृष्टिहीन आहे. फोन टॉकबॅकवर वापरतो, स्क्रीनवरची अक्षरं तो मला वाचून दाखवतो. एक विनंती सगळ्यांना.

नोटीस फोटो करून टाकू नका. आमच्या सोसायटीत पाणी बंद असण्याची सूचना लेटरहेडचा फोटो म्हणून येते. मला ऐकू येतं, "फोटो". बस. त्यावरची अक्षरं काढून वाचणारी ॲप आहेत, पण वाकडा फोटो, शिक्का, सही यांत मराठी अक्षरं तुटतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइलही तशीच, युनिकोड नसेल तर माझा फोन काहीतरी अगम्य बोलतो. आणि दर शब्दाच्या मागे तीन-तीन इमोजी असले की तो प्रत्येकाचं नाव वाचतो, मूळ निरोप हरवून जातो.

साधा टाइप केलेला मजकूर टाका. फोटो लागेलच तर खाली एक ओळ, फोटोत काय आहे. ओंडक्याचा तो फोटो माझ्याकडे आला असता तरी मला काही कळलं नसतं.

माथाड्याची_लेक | शनिवार, रात्री ८:४५

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काल रात्रीच पावसाळ्याच्या तयारीचं सुंदर रंगीत पोस्टर बनवून पाचही ग्रुपवर पाठवलंय. उद्या ते पूर्ण टाइप करून पाठवते.

---

तुर्भे_स्टोअर | रविवार, सकाळी १०:१०

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

माझी आई घरकाम करते. दोन वर्षांपूर्वी ती चार घरी जायची. एका घरातली बांगडी हरवली. पोलिसांत न जाता त्यांनी आईचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, हिला कामाला ठेवू नका. दोन दिवसांत तो फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला, मला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने दाखवला. आईची चारही कामं गेली. तिसऱ्या दिवशी बांगडी त्यांच्याच कपाटात साडीच्या घडीत सापडली. त्यांनी त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, सापडली, धन्यवाद. आईबद्दल एक शब्द नाही.

मी चार महिने एकेका ग्रुपमधली ओळखीची बाई शोधत होते. तिला सगळं सांगायचं, तिने तिथे लिहायचं. काही ठिकाणी कुणी लिहिलंच नाही. अजून एखादी नवीन बाई आईकडे टक लावून बघते तेव्हा आईला वाटतं, हिने तो फोटो पाहिलाय.

तुम्ही निरोप कसा लिहायचा यावर बोलताय ते चांगलंच आहे. पण निरोप चुकला तर तो परत कसा घ्यायचा यावर कुणी बोललं नाही.

बोनकोड्याचा | रविवार, सकाळी १०:३०

ताई, आईंना नमस्कार सांगा. काय बोलावं कळत नाही.

माथाड्याची_लेक | रविवार, सकाळी ११:१५

तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवला. माझी आई पण सुरुवातीला दोन घरची भांडी घासायची.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं का? १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये, जे मेसेज खूपदा फिरलेत, ज्यांच्यावर दुहेरी बाण दिसतो, ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं. कंपनी एवढंच करू शकते. गावात नवा दिसणारा, गरीब दिसणारा, वेगळं बोलणारा माणूस या मेसेजमध्ये आधी सापडतो. तुमच्या आईंचं झालं ते याच जातीचं.

पाच ग्रुपांतून एकेक अशी आम्ही पाच माणसं आज बसणार आहोत, तिथे मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, कुणाही माणसाचा फोटो संशय म्हणून आमच्या कुठल्याही ग्रुपवर राहणार नाही, ॲडमिन ताबडतोब पुसेल आणि टाकणाऱ्याला पोलीस ठाण्यात जायला सांगेल. दुसरी, चुकीचा निरोप ज्या ज्या ग्रुपवर गेला त्या प्रत्येक ग्रुपवर दुरुस्ती जाईल, आणि ती ज्याने चूक पाठवली तोच लिहील, त्या माणसाची माफी मागून. नुसतं पुसून भागणार नाही, वाचलेलं डोक्यात राहतं.

तुमच्या आईंची गोष्ट, नाव-गाव न घेता, या नियमाबरोबर सांगितली तर चालेल का? नको असेल तर बिलकूल सांगणार नाही.

तुर्भे_स्टोअर | रविवार, दुपारी २:४०

आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली सांग त्यांना, सांगा. फक्त बांगडी सापडली हे आधी सांगा, मग बाकीचं.

---

माथाड्याची_लेक | रविवार, रात्री ९:००

आज संध्याकाळी मंदिराच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. पाच ग्रुपांची पाच माणसं आणि फळ्यावर लिहिणाऱ्या दोन मुली. चहा त्यांनीच केला, या वेळी आम्ही गेलो. बोनकोड्याच्या दादाची आई पण आली होती. बराच वेळ तीच बोलत होती, तलावाच्या जागी पूर्वी मिठागर होतं, उधाणाला पाणी कुठपर्यंत यायचं, ते तिने हाताने दाखवलं. दुकानदार भाऊंनी फोनवर नकाशा उघडून त्या खुणा टिपून घेतल्या. हा नकाशा कुठल्याच कार्यालयात मिळाला नसता.

सरावाचा निरोप आम्ही असा तयार केलाय. काही सुटलं असेल तर सांगा.

"हा सराव आहे. कोपरखैरणे, धारण तलावाची झडप. सकाळी ११:०५ ला झडपेत लाकडी ओंडका अडकलेला पाहिला. भरती दुपारी १२:३० ला आहे. बैठ्या चाळीत पाणी शिरू शकतं. पंप असलेल्यांनी १२ च्या आत चाळीच्या तोंडाशी यावं. वृद्ध आणि लहान मुलांसाठी मंदिराचा हॉल उघडा आहे. वॉर्ड ऑफिसला ११:१० ला फोन केला आहे. पुढचा निरोप ११:३० ला येईल, नवीन काही नसलं तरी येईल."

शेवटचं वाक्य अम्मांनी सुचवलं. पुढचा निरोप कधी ते माहीत असलं की मधल्या वेळात लोक स्वतःच्या मनाने काही जोडत नाहीत.

ऐरोली_टॉकबॅक | रविवार, रात्री ९:२५

ऐकला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट ऐकू आला, कुठे अडखळला नाही. एकच, "चाळीच्या तोंडाशी" म्हणजे कुठलं तोंड? चाळीला दोन बाजू असतील तर नाव घाला.

सेक्टरचा_दुकानदार | रविवार, रात्री ९:४०

बरोबर विचारलं. तलावाकडची बाजू. तिकडून पंपाची गाडी आत जाते, दुसरीकडून जात नाही. हिंदीतला निरोप भाऊ लिहितोय, पाठवायच्या आधी ताईंना दाखवेल.

बोनकोड्याचा | रविवार, रात्री १०:०५

आईची व्हॉइस नोट झाली, बावीस सेकंद. ती म्हणते उधाणाच्या दिवशी पंप अकरालाच आणून ठेवा, बारापर्यंत थांबू नका. निरोपातली वेळ बदला.